एल्क पाडायच्या आधी तो उचलून आणायचा हिशोब करा

तुमचा प्रश्न असा आहे: डॅलसजवळ राहता, एच-वन-बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहात, दोन वर्षं कंपाउंड (कप्प्या लावलेलं आधुनिक) धनुष्य चालवताय, टेक्सासात एक हरीण आणि एक-दोन रानडुकरं झाली आहेत. आता येत्या सप्टेंबरात एका मित्राला सोबत घेऊन कोलोरॅडोत सरकारी जमिनीवर, गाइड न करता, एल्कच्या (अमेरिकेतल्या सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला जायचंय. युनिट (शिकारीसाठी आखलेला विभाग) कुठलं घ्यावं, धनुष्य किती पाउंडाचं (ओढायला किती जोराचं) लागेल, किती दिवस काढावे लागतील आणि पहिल्याच वर्षी हे जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

जमेल. मी फोर्ट कॉलिन्सला राहतो. सतरा हंगाम धनुष्य घेऊन एल्कच्या मागे हिंडलोय, त्यातले पहिले चार एकट्याने. सतरा हंगामांत सहा जनावरं घरी आली. हा आकडा इथल्या मानाने चांगला आहे, कारण कोलोरॅडोत धनुष्य घेऊन जाणाऱ्या शंभर जणांत एका हंगामात साधारण दहा-पंधरा जणांनाच एल्क मिळतो. पण तुमचे सगळे प्रश्न बाण सुटेपर्यंतचे आहेत. मी उत्तर बाण सुटल्यानंतरपासून सुरू करणार आहे, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात.

माझा तिसरा हंगाम. कोलोरॅडोतल्याच फ्लॅट टॉप्स या डोंगराळ भागाच्या रानात, रस्त्यापासून अडीच मैल आत, एका खोल ओढ्यात संध्याकाळी पावणेसातला नर तीस यार्डांवर आला. बाण नीट लागला. थांबायचं तेवढं थांबलो, माग काढला, साडेआठला जनावर सापडलं. मी एकटा. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात कापायला बसलो. दोन पुढचे फरे आणि वरच्या बाजूचा मागचा फरा सुटा केला, झाडाला टांगला, तोवर रात्रीचा एक वाजला होता. हात थरथरायला लागले होते, डोकं दुखत होतं. चौथा फरा जनावराच्या अंगाखाली, जमिनीच्या बाजूला होता. हवा इतकी गार होती की श्वासाची वाफ दिसत होती. सकाळपर्यंत काय होतंय, असं म्हणून तो तसाच कातड्यासकट ठेवला आणि पहिलं ओझं घेऊन वर चढलो. परत येऊन त्या फऱ्याला सुरी लावली तेव्हा दुपार झाली होती. वरून मांस लालभडक, छान दिसत होतं. खुब्याच्या सांध्यापर्यंत सुरी गेली आणि आतून कोमट, आंबूस वास आला. हाडाभोवतीचं मांस करडं-हिरवं पडलं होतं. मी तो सबंध फरा समोर ठेवून बराच वेळ बसून राहिलो. जनावराने जीव दिला होता आणि त्याचा पाव भाग मी सडवला होता. बाहेर गारठा असला तरी एवढ्या मोठ्या जनावराच्या मागच्या पायात हाडाशी ऊब तासन्‌तास कोंडून राहते, वर जाड कातडं आणि खाली जमीन असली की तिला बाहेर पडायला वाटच नसते. हे मला तेव्हा वाचून माहीत होतं. पण अडीच मैल आत एकट्याने गेल्यावर त्या माहितीचा काही उपयोग करता आला नाही.

म्हणून आधी आकडे बघा. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या वर जातो, मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास. नराचं हाडं काढलेलं मांस ऐंशी ते शंभर किलो धरा. पाठीवर डोंगरात सुरक्षितपणे नेता येतं ते पंचवीस-तीस किलो. म्हणजे चार खेपा. एकटा माणूस अडीच मैल आत असेल तर चार वेळा ओझं घेऊन बाहेर आणि तीन वेळा रिकामं परत आत, मिळून साडेसतरा मैल, तेही नऊ-दहा हजार फुटांवर. दोघे असाल तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन खेपा बाहेर, एक आत. साडेसात मैल. आणि तेवढ्या वेळात डोक्यावर वीस-बावीस अंशांचं सप्टेंबरचं ऊन. हा हिशोब करून मी तुम्हाला पहिल्या वर्षासाठी तीन गोष्टी सांगतो आणि त्यांवर मी ठाम आहे. मित्र येणार नसेल तर जाऊ नका. गाडीपासून दीड मैलाच्या पुढे बाण सोडू नका. आणि रस्त्याच्या पातळीपासून सातशे-आठशे फुटांपेक्षा जास्त खाली उतरू नका, कारण मांस तिथून वर चढवायचं असतं.

यावर तुम्ही म्हणाल, सगळे तर सांगतात की रस्त्यापासून जितकं लांब जाल तितके एल्क जास्त. खरं आहे, पण अर्धंच. एल्क मैलांपासून नाही, माणसांपासून लांब जातो. नकाशावर वाट जिथे संपते तिथून सगळे शिकारी सरळ पुढे, सोप्या वाटेने आत जातात. रस्त्यालगतचा अंगावर येणारा चढ, पडक्या झाडांनी भरलेला उतार, पार्किंगपासून अर्ध्या मैलावरची पण मध्ये खोल घळ असलेली धार, इथे कुणी फिरकत नाही. माझ्या सहांपैकी चार जनावरं गाडीपासून एक मैलाच्या आत पडली.

आता युनिट. मी नंबर सांगणार नाही, कारण कुणीतरी सांगितलेल्या नंबरावर गेलेला माणूस तिथे गर्दी दिसली की गोंधळतो. निवडायचं कसं ते सांगतो. कोलोरॅडोत पावणेतीन लाखांच्या वर एल्क आहेत, इतके दुसऱ्या कुठल्याच राज्यात नाहीत. पश्चिमेकडे व्हाइट रिव्हर, रूट, गनिसन, सॅन वॉन अशी राष्ट्रीय वनं पसरलेली आहेत आणि ती सगळ्यांसाठी खुली आहेत. ऑनएक्ससारखं जमिनीची मालकी दाखवणारं अ‍ॅप घ्या. इथे ते चैनीचं नाही, कारण कोलोरॅडोत खासगी जमिनीवर पाटी किंवा कुंपण नसलं तरी परवानगीशिवाय शिकार करणं गुन्हाच आहे. वनखात्याचा गाड्यांच्या रस्त्यांचा नकाशा त्यासोबत ठेवा. कुठल्या रस्त्यावर कुठली गाडी कधी चालते ते त्यातच कळतं. मग उत्तरेकडे तोंड असलेले, स्प्रूस-फर या सूचिपर्णी झाडांचे दाट उतार शोधा, त्यात मध्येच सपाट होणारा पट्टा शोधा, वर किंवा खाली गवताचं कुरण आणि जवळ पाणी. एल्क रात्री कुरणात चरतो, उजाडल्यावर त्या गर्द झाडीत जाऊन त्या सपाट पट्ट्यांवर बसतो. नऊ ते साडेदहा हजार फुटांमध्ये अशा आठ-दहा जागा खुणा करून ठेवा, दोन नव्हे. पहिल्या दोन ठिकाणी बहुतेक आधीच कुणाची तरी गाडी उभी असेल.

एका गोष्टीकडे लक्ष द्या. विल्डरनेस, म्हणजे कायद्याने रानटीच राखलेला प्रदेश, म्हणून घोषित केलेल्या भागात, १९६४ च्या कायद्यानुसार, मोटार तर नाहीच पण चाकाची हातगाडीसुद्धा चालत नाही. ओझं ढकलून आणायची गाडी घेऊन जाणार असाल तर ती तिथे गाडीतच राहील. वायोमिंगचा विचार मनात असेल तर तिथे बाहेरच्या राज्यातल्या माणसाला विल्डरनेसमध्ये मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी गाइड किंवा तिथला रहिवासी सोबती सक्तीचा आहे. माँटाना आणि आयडाहोत धनुष्याच्या शिकारीचं वेगळं प्रशिक्षण मागतात. शिवाय या तिन्ही राज्यांत ग्रिझली अस्वल आहे. कोलोरॅडोत फक्त काळं अस्वल. पहिल्यांदा जाणाऱ्याला कोलोरॅडो बरं असं मी म्हणतो त्यात हेही एक कारण आहे.

परवान्याबाबत जुनी माहिती बाजूला ठेवा. पूर्वी बाहेरच्या राज्यातला माणूस ऑगस्टात दुकानात जाऊन धनुष्याचा एल्कचा परवाना विकत घेऊ शकत होता. २०२५ पासून पश्चिमेकडच्या युनिटांसाठी ते बंद झालं. आता तुम्हाला सोडतीतूनच जावं लागतं. अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी संपते, आणि त्याआधी छोट्या जनावरांचा किंवा तत्सम एक पात्रता परवाना घ्यावा लागतो. एल्कच्या परवान्याला बाहेरच्या माणसाला आठशे डॉलरच्या वर पडतात. अर्जात चार पसंती भरता येतात. पहिली पसंती न लागलेल्या वर्षांत साठलेले प्राधान्य गुण फक्त पहिली पसंती लागली तरच खर्च होतात. त्यामुळे गुण नसलेल्या माणसाने मागच्या वर्षांचे सोडतीचे अहवाल काढून बघावेत. कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या संकेतस्थळावर ते असतात. कुठली युनिटं शून्य गुणांवर लागली ते त्यात स्पष्ट कळतं. नर-मादी दोन्ही चालणारा परवाना मिळाला तर उत्तम. एप्रिलमध्ये काही लागलं नाही तरी उन्हाळ्यात उरलेले परवाने निघतात, तिकडे लक्ष ठेवा.

१ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या प्रशिक्षणाचं) कार्ड लागतं. टेक्सासचं कार्ड तुमच्याकडे असेलच, ते इथे चालतं. व्हिसाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्यातले बरेच जण त्याच शंकेपायी मागे राहतात म्हणून सांगतो: फेडरल कायद्यात तुमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांसाठी बंदुकीवर बंधनं आहेत, पण धनुष्य त्या कायद्यातल्या बंदुकीच्या व्याख्येत येत नाही.

धनुष्याचा प्रश्न लोक सगळ्यात जास्त चघळतात आणि तो सगळ्यात सोपा आहे. कोलोरॅडोचा नियम किमान पस्तीस पाउंडांचा आहे. एल्कसाठी साठ-सत्तर पाउंड ओढता आले तर चांगलं, पण गारठलेल्या अंगाने, बसल्या जागी, हात वर न उचलता सावकाश ओढता येतील एवढेच ठेवा. बाण पात्यासकट साडेचारशे ग्रेनच्या वर, म्हणजे तीस ग्रॅमच्या आसपास. पातं स्थिर धारेचं घ्या. रुंदीला ते सात-अष्टमांश इंचाहून कमी नको, हा मात्र नियमच आहे. धनुष्याच्या हंगामात क्रॉसबो (बंदुकीसारखं घोडा दाबून सोडायचं आडवं धनुष्य) चालत नाही. धनुष्यावर बॅटरीची काही उपकरणं लावली असतील तर त्या वर्षाची नियमपुस्तिका उघडून एकेक तपासा.

आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडमध्ये विश्वविजेते झाले, तेव्हापासून आपली बरीच मंडळी या धनुष्याकडे वळली आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. ते पन्नास मीटरवर मारतात म्हणून तुम्ही एल्कवर पन्नास मीटरचा विचार करू नका. लक्ष्य एक पाऊल पुढे टाकत नाही. तुमचं अंतर असं ठरवा: रोज सकाळी घराबाहेर पडल्यावर, हात गरम न करता, शिकारीचंच पातं लावून एकच बाण. तो जेवायच्या ताटलीएवढ्या वर्तुळात लागला की नाही ते वहीत लिहायचं. महिनाभर ज्या अंतरावर एकही चुकला नाही ते तुमचं अंतर. बहुतेकांचं तीस-पस्तीस यार्ड निघतं. तेवढं पुरतं. गुडघ्यावर बसून, पाठीवर सॅक ठेवून, जिन्यावरून खाली मारूनही बघा.

पायांचं मात्र आजपासून सुरू करा. इंडियन ग्रोसरीत वीस पाउंडाची बासमतीची पिशवी मिळते. तशा तीन पिशव्या फ्रेमच्या सॅकमध्ये घट्ट बांधा, हे झालं एक ओझं. डॅलसला डोंगर नाही, पण पार्किंगच्या इमारतींचे जिने आहेत. आधी एक पिशवी, दर दोन-तीन आठवड्यांनी वाढवा. उतरताना गुडघे सांभाळा. ऑगस्टच्या शेवटी तीन पिशव्यांनी तास-दीड तास चालून दुसऱ्या दिवशी ऑफिसला नीट जाता आलं पाहिजे. उंचीची सवय मात्र डॅलसमध्ये कशानेच होत नाही. शिकार सुरू करण्याआधी दोन दिवस येऊन आठ हजार फुटांच्या आसपास झोपा, पाणी भरपूर प्या, बिअर टाळा. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर शिकार सोडून त्याच क्षणी खाली उतरायचं. मित्र आग्रह करील, तुम्हालाही रजा वाया जातेय असं वाटेल, तरी उतरायचं. फोनला तिथे रेंज नसते. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र दोघांत एक तरी हवंच.

दिवस किती? हंगाम २ ते ३० सप्टेंबर असतो. मी तुम्हाला १२ ते २२ च्या दरम्यानचे सलग आठ दिवस सांगेन. नर माजावर येतात ते याच सुमारास. दिवसाउजेडीही हाळी देतात आणि ती ऐकून जागा कळते. सुरुवातीचे दहा दिवस ते गप्प असतात, नवख्याला सापडत नाहीत. महिन्याच्या मध्याला नऊ दिवस ठासणीच्या बंदुकांचा हंगामही त्याच रानात चालू असतो. धनुष्यवाल्याला नारिंगी कपड्याची सक्ती नाही, तरी त्या दिवसांत चालताना आणि मांस वाहताना नारिंगी जाकीट घाला.

आता वारा, आणि इथे जरा थांबतो, कारण एल्कची शिकार हातातून जाते ती दहातल्या नऊ वेळा इथेच. एल्क तुम्हाला बघितल्यावर थबकतो, आवाज ऐकला तर कान टवकारतो, पण वास लागला की विचार करत नाही, सबंध कळप दुसऱ्या डोंगरावर जातो. माझे आजोबा भोरकडचे. १९७२ चा कायदा यायच्या आधी गावच्या पारधीत डुकरामागे जायचे. ते शेतावर जातानासुद्धा अधूनमधून मुठीतली धूळ बोटांतून सोडत चालायचे, सवयच लागलेली. मी आज तेच पावडरच्या छोट्या बाटलीने करतो, शंभर पावलांत पाच-सहा वेळा.

डोंगरातला वारा हवामानाच्या अंदाजावर चालत नाही. रात्री थंड झालेली हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते, ओढ्यात पाणी वाहावं तशी. उजाडताना ती खालीच चाललेली असते, म्हणून सकाळी एल्कच्या खालच्या अंगाला राहून वर सरकायचं. ऊन उतारावर पडून जमीन तापली की, साधारण साडेआठ-नऊला, वारा पालटतो आणि वर चढायला लागतो. त्या पालटाच्या अर्ध्या तासात पावडर गोल गोल फिरते. त्या वेळी मी जागचा हलत नाही, कळप समोर दिसत असला तरी. त्यानंतर बाजूने वर चढून कळपाच्या वरच्या अंगाला जायचं. संध्याकाळी सावली उतारावर आली की वारा पुन्हा खाली. ती सावली सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी येते, ओढ्यात तर दीड-दोन तास आधी. घड्याळाकडे नको, सावलीकडे बघा. वारा फिरला आणि तुम्ही चुकीच्या बाजूला असाल तर मागे या. त्या जागी उद्या पुन्हा जाता येतं. वास लागला तर आठवडाभर तिथे काही उरत नाही.

नराची हाळी पहिल्यांदा जवळून ऐकाल तेव्हा पोटात कालवाकालव होईल. सुरुवात खालच्या घोगऱ्या सुरात, मग शिट्टीसारखी वर चढत जाते आणि शेवटी धापा टाकल्यासारखे आवाज. तुम्ही मात्र नराची हाळी काढू नका. नवख्याच्या हाळीला नर बहुतेक वेळा आपल्या माद्या गोळा करून दुसरीकडे निघून जातो. मादीचा आवाज शिका, तो म्याऊसारखा छोटा असतो, आणि तोही कमी वापरा. दोघे आहात ही तुमची जमेची बाजू. आवाज काढणारा मागे पन्नास-साठ यार्डांवर, बाणवाला पुढे. नर आवाजाकडे येताना वाऱ्याच्या खालच्या बाजूने वळसा घालतो, म्हणून बाणवाल्याने त्या वळशाच्या वाटेवर बसायचं. झुडपाच्या मागे नाही, पुढे बसा, आपली आकृती झुडपात मिसळते आणि हात मोकळा राहतो. त्याचं डोकं झाडाच्या बुंध्याआड गेलं की धनुष्य ओढायचं.

बाण सोडण्याआधी दोन खात्र्या. पहिली: समोर एल्कच आहे, मूस नाही. या रानात मूसही असतो, तो जास्त काळपट, लांब नाकाड्याचा, आणि चुकून मारला तर दंड मोठा. (युरोपात ज्याला एल्क म्हणतात तो मूसच, म्हणून जुनी पुस्तकं वाचून आलेल्यांचा घोटाळा होतो. अमेरिकी एल्कचं मूळ नाव वापिटी, शॉनी भाषेतलं, पांढऱ्या पुठ्ठ्याचा.) दुसरी: नर असेल तर बहुतेक युनिटांत एका शिंगाला चार टोकं किंवा कपाळाजवळचं टोक किमान पाच इंच लागतं. मादी समोर आली आणि परवाना चालत असेल तर मादी घ्या. पहिल्या वर्षी शिंगांसाठी थांबण्यात अर्थ नाही, आणि मादीचं मांस जास्त कोवळं असतं.

बाण फक्त आडवा उभा असेल किंवा थोडा पलीकडे वळलेला असेल तरच. समोरून नाही, मागून नाही. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जा, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर. खांद्याचं हाड टाळा. बाण लागल्यावर हलू नका, तो पळाला ती दिशा, शेवटचं झाड, शेवटचा आवाज, सगळं मनात पक्कं करा. मग बाण शोधा. त्यावर गुलाबी फेसाळ रक्त असेल तर फुफ्फुस, अर्धा-पाऊण तास थांबून निघा. गडद लाल म्हणजे यकृत, पाच-सहा तास. हिरवट आणि घाण वास म्हणजे पोट, दहा-बारा तास. पोटात लागलेल्या जनावरामागे लगेच गेलात तर ते दोन मैल चालत जातं आणि कुणालाच मिळत नाही. हे थांबणं फार जड जातं. मांसाचा विचार तेव्हा डोक्यात असतोच, म्हणूनच मी संध्याकाळच्या शेवटच्या अर्ध्या तासात, ऊब असलेल्या दिवशी, नक्की खात्री नसलेला बाण सोडत नाही.

जनावर मिळालं की प्रथम परवान्याचा टॅग (जनावराला लावायची चिठ्ठी) भरा, तो कायदा आहे. मग पोट न फाडता कापायची रीत वापरा. जनावर एका कुशीवर, कण्याच्या रेषेवर कातडं चिरून खाली सोलत या. पुढचा फरा, मागचा फरा, पाठीची लांब पट्टी, मानेचं मांस. उलटवा, तेच दुसऱ्या बाजूला. शेवटच्या बरगडीमागून हात घालून कण्याच्या आतल्या बाजूची दोन मऊ लांबोडकी काढा. लिंगाचा पुरावा एका फऱ्याला नैसर्गिकपणे जोडलेला राहू द्या, तपासणीत तो बघतात. खाण्याजोगं मांस सोडून येणं इथे गुन्हा आहे. दोघांत एक जण कापणारा, एक जण टांगणारा. प्रत्येक फरा सुटा झाला की जाळीदार सुती पिशवीत घालून सावलीत, हवा खेळेल अशा फांदीला. मागच्या फऱ्यातलं हाड तिथेच काढा किंवा निदान हाडापर्यंत चीर द्या, ऊब बाहेर पडू दे. पुराव्याच्या फऱ्यावर हाड काढतानाही तो पुरावा मांसाला जोडलेला ठेवा. उरलेलं धड आणि टांगलेलं मांस यांत अंतर ठेवा, अस्वल आधी धडाकडे जातं. परत खेपेला येताना शंभर यार्डांपासून मोठ्याने बोलत या.

गाडीत दोन मोठे कूलर आणि तळाला बर्फ आधीपासून हवा. मांस थेट पाण्यात भिजू देऊ नका, बुच उघडं ठेवून पाणी काढत राहा. डॅलस चौदा-पंधरा तास आहे, वाटेत एकदा बर्फ भरा. डोकं आणि कणा सोबत नेऊ नका. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदूचा रोग प्रथम इथेच, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत १९६७ मध्ये लक्षात आला होता, आणि मेंदू-कण्याचे भाग आत आणायला बऱ्याच राज्यांची बंदी आहे. निघण्यापूर्वी वन्यजीव खात्याच्या कार्यालयात डोकं तपासणीला द्या. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी रोग निघालेलं मांस खाऊ नये असंच अमेरिकेचं आरोग्य खातं सांगतं, आणि मी तसंच वागतो.

निकाल येईपर्यंत फ्रीजरमधल्या प्रत्येक पाकिटावर तारीख लिहा आणि दोघांची जनावरं असतील तर ती एकत्र मिसळू देऊ नका. निकाल चांगला आला की आधी ती कण्याआतली लांबोडकी काढा. एल्कच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते, मटणासारखं शिजवत ठेवलं तर चामडं होतं. बोटभर जाड काप, नुसतं मीठ, तापलेला बिडाचा तवा, तूप, दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं. मसाला फऱ्यांच्या खिम्यासाठी राखून ठेवा.